स्क्वेअर फुटामागं दीडशे

१२ फेब्रुवारी २००६, रविवार

...आणि तरी माझं म्हणणं तेच आहे, की चाळीस टक्के हाच आकडा बरोबर. काल जेवताना पप्पा काहीही म्हणू देत. महिन्याला घरात जे येतं त्यातले शंभराला चाळीस हप्त्याला, साठ पोटाला. होम लोनच्या ऑफिसात मी रोज आठ-दहा लोकांना हेच सांगतो आणि ते माना डोलवतात. पप्पा डोलवत नाहीत. म्हणाले, "घाटात गाडी किती दमती ते कागदावर दिसतंय व्हय रे?" तीस वर्षं पाटबंधारे खात्याची जीप चालवलीय, त्यामुळं त्यांना सगळा घाटच वाटतो.

म्हणून आज एकदा सगळं लिहून काढतो. मराठीत, कारण क्लायंट मराठीत बोलतात आणि माझी गाडी मराठीत अडकते. शाळेत मराठी बोललं की एक रुपया दंड होता, त्याचा परिणाम. (शुद्धलेखन माफ.)

पप्पा ३१ मेला रिटायर होणार. त्यानंतर तीन महिन्यांत ही क्वार्टर सोडायची. मी या दोन खोल्यांतच जन्मलो. भाड्यानं जायला मी तयार नाही. भाडं म्हणजे दुसऱ्याचा हप्ता आपण भरायचा.

माझा पगार हातात ७,४००. पप्पांची पेन्शन ४,६०० बसेल. बारा हजार. त्याचे चाळीस टक्के ४,८००. साडेआठ टक्के व्याजानं, वीस वर्षांसाठी, लाखाला हप्ता ८६८. पेन्शन बँक वीस वर्षं धरत नाही, पण तोवर माझा पगार वाढणारच की! पप्पांना रिटायरमेंटचे चार लाख मिळतील. त्यातले दोन घराला, एक आई-पप्पांच्या दुखण्याखुपण्याला, एक अक्षताच्या शिक्षणाला. अक्षता बारावीला आहे, परीक्षा तोंडावर आलीय, फार्मसी करायचं म्हणते.

आईचं शिवणकाम मी धरणार होतो. ती मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "मला धरू नको बाबा. ब्लाउजचे पैसे बायका दिवाळीला देतो म्हणून शिमग्याला देत्यात."

पप्पांनी सगळं ऐकून एकच विचारलं. "शेजारी कोण हाईत?"

"पप्पा, बिल्डिंग नवीन असणार. शेजारी अजून यायचेत."

"त्येच म्हणतोय मी," म्हणाले आणि उठून गेले.

आता शेजाराचा कॉलम एक्सेलमध्ये कसा करायचा?

१९ फेब्रुवारी, रविवार

पहिली साइट बघितली! कळंब्याच्या बाजूला, नाव 'शांतीबन'. दुसऱ्या मजल्यावर २०३, साडेसहाशे फूट, रेट १,०५०.

घेऊन गेला पिराजी एजंट. पप्पांची चहाच्या टपरीवरची ओळख. लूनावर फिरतो आणि कुठला फ्लॅट कुणी का विकला हे त्याला पाठ असतं. पप्पा पण आलते, पण वर आले नाहीत. "मी पाण्याची टाकी बघतो" म्हणून खालीच राहिले.

फ्लॅट झकास. किचनला पूर्वेचं ऊन, गॅलरीतून उसाचं रान दिसतं. मी तिथंच कॅल्क्युलेटर काढला. फ्लॅट ६,८२,५००. स्टँप ड्युटी, रजिस्ट्रेशन, लाइट मीटर सगळं धरून वर ७०,०००. आपले दोन लाख वजा. कर्ज ५,५२,५००. हप्ता ४,७९६. लिमिट ४,८००. चार रुपये उरतात!! मी पिराजीला दाखवलं तर म्हणाला, "त्या चार रुपयांत मला च्या पाजा पावणं."

साइटच्या ऑफिसात मॅनेजरनं चहा मागवला. मी लोनचं काम करतो म्हटल्यावर खुर्ची पुढं ओढून बसला. "म्हंजे तुमी आमचंच की सायेब! आमची गिऱ्हाइकं तुमाला, तुमची आमाला." मग एक फॉर्म दिला. पिराजी टेबलाखालनं माझ्या बुटाला पाय लावत होता. मला वाटलं त्याचा पाय चुकून लागतोय. नंतर म्हणाला, "नाव नुसतं प्रसेनजीत जी. लिवायचं, फुडचं मी बघितलं असतं." पण फॉर्ममधली एकही जागा मोकळी सोडायची नाही, हे मी रोज लोकांना शिकवतो. मोकळी जागा दिसली की बँक फाइल परत पाठवते. मी पूर्ण नाव लिहिलं, कॅपिटलमध्ये. प्रसेनजीत गणपती कांबळे.

मॅनेजरनं फॉर्म वाचला. उलटा करून मागची बाजू पण बघितली. मागं काहीच नव्हतं. "वर विचारून कळवतो," म्हणाला.

"वर म्हणजे?"

"वर."

२१ फेब्रुवारी

२०३ गेला. पिराजीचा ऑफिसात फोन आला. आदल्याच दिवशी बुक झाला होता म्हणे.

"मग रविवारी आम्हाला चहा कशाला पाजला?"

"च्या काय, कुणालाबी पाजत्यात," म्हणाला.

दिवसभर कशात लक्ष नाही. पण चूक माझीच. डिमांड लई आहे आणि मी मोकळ्या हातानं गेलतो. पुढच्या वेळी टोकन खिशात घालून जायचं. पप्पांना सांगितलं तर "बरं" म्हणाले. नुसतं बरं! चार रुपये उरत होते पप्पा!

५ मार्च, रविवार

'मयूर हाइट्स'. आपटेनगरच्या पुढं. गेटवर बोर्ड, रेट १,०५०. तेवढेच साडेसहाशे फूट, म्हणजे हिशोब तोच, पुन्हा करायला नको. गॅलरी लहान आहे पण पाणी चोवीस तास. या वेळी पाच हजार रोख पाकिटात होते.

फॉर्म भरला. इथला मॅनेजर तो घेऊन आतल्या केबिनमध्ये गेला. दहा मिनिटं लागली. बाहेर आला तो म्हणाला, "रेट आजपासून बाराशे झाला."

"बाहेर बोर्डावर तर एक हजार पन्नास आहे."

"बोर्ड रंगवायचा राहिलाय."

मी कारण विचारलं. सिमेंट, सळी, वाळू असं म्हणाला. खरं असेल, सळी वाढलीच आहे. पाडव्यापर्यंत, म्हणजे ३० तारखेपर्यंत, बाराशे. पाडव्यानंतर तेराशे. आमच्यात पाडव्याचं काही नसतं, पण बिल्डर लोकांचं सगळं पाडव्याला असतं.

तिथनं तडक ऑफिसला गेलो. रविवार असून किल्ली मागून कॉम्प्युटर चालू केला. बाराशेनं ७,८०,०००. खर्च धरून ८,५०,०००. कर्ज साडेसहा लाख. हप्ता ५,६४२. सत्तेचाळीस टक्के. बसत नाही. पेट्रोल कमी केलं, केबल काढली, माझा मोबाइल काढला. पण खर्च कमी करून टक्का हलतच नाही, टक्का पगारावर निघतो, हे मीच लोकांना सांगतो. खुर्चीवरून तीनदा उठलो, तीनदा बसलो. मग अक्षताचे एक लाख वरच्या ओळीत घेऊन बघितले. कर्ज साडेपाच. हप्ता ४,७७४. एकोणचाळीस पॉइंट आठ. बसलं!

तिचं अजून ठरलंय कुठं? निकाल जूनमध्ये. तोवर काहीतरी होईल. प्रिंट काढून बॅगेत ठेवलीय. घरात अजून बोललो नाही.

९ मार्च

आज मजाच झाली. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर आदिती मगदूम बसते. कागलच्या बाजूची, बापाचा ऊस आणि वखार, पण स्वतः कामाला वाघ. जैन, म्हणून दिवस मावळायच्या आत डबा खाते, त्यामुळं पाच वाजता आमच्या ऑफिसात शेंगाच्या चटणीचा वास सुटतो आणि क्लायंट पण चौकशी करतात. तिला मी रेटचं रडगाणं सांगत होतो. तिनं फोन उचलला आणि 'मयूर हाइट्स'ला लावला. "मगदूम बोलतेय, ताईसाठी बघायचा होता." फोन ठेवून म्हणाली, "एक हजार पन्नास. आणि पार्किंगचं बघू म्हणाला."

"चार दिवसांत परत उतरला?"

तिनं भाकरीचा घास मोडला आणि परत डब्यात ठेवला.

"तू भाव करण्यात लई हुशार आहेस," मी म्हणालो. "मला शिकव की."

"मी भाव केलाच नाही प्रसेन," ती म्हणाली. मग तिनं डब्याचं झाकण लावलं, अर्धी भाकरी तशीच ठेवून.

मनात एक विचार आला. येऊ नये असा. पण २००६ साल आहे, आणि माझ्या हातात सॅलरी स्लिप आहे. पैसे घेणारा माणूस पैसे बघतो. जयंतीला भाषणं करणारे काका लोक सगळीकडं तेच बघतात, तसं माझं होऊ द्यायचं नाही.

१२ मार्च, रविवार

आदितीला घेऊन परत 'शांतीबन'ला गेलो. तिचंच म्हणणं पडलं, एकदा बघूया. आज तिथं दुसराच माणूस होता, पहिला मॅनेजर सुटीवर. आम्हाला बघून त्याला वाटलं नवीन जोडपं. मी खुलासा करणार तेवढ्यात त्यानं नाव विचारलं आणि माझ्या आधी आदिती बोलली, "मगदूम."

"मगदूम व्हय! या की, बसा की! वहिनी, पंख्याखाली बसा." आणि वहीत बघून म्हणाला, "दुसऱ्या मजल्यावर २०३ मोकळा हाय. किचनला सकाळचं ऊन येतंय बघा."

मला हसूच आवरेना. वहिनी म्हटल्यावर आदितीचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. बाहेर आलो तर ती गंभीर. "२०३, प्रसेन," म्हणाली. मी म्हटलं, "बुकिंग कॅन्सल झालं असणार, आमच्याकडं पण दहातली तीन होतात." ती गाडीला किक मारून गेली.

घरी येऊन जेवताना सगळी गोष्ट रंगवून सांगितली. वहिनी, पंखा, नक्कल करून. आई हसली, अक्षता पुस्तक खाली ठेवून हसली. पप्पा हसले नाहीत. त्यांचा घास तोंडात तसाच होता. ते ताटावरून उठले आणि मोरीत जाऊन हात धुवायला लागले. अर्ध्या जेवणातून. पाण्याचा आवाज येत राहिला. एवढा वेळ हात धुवायला एवढं काय लागलं होतं हाताला?

मी नक्कल करत उभा होतो, तसाच उभा राहिलो.

१३ मार्च

आज काही लिहायचं नाही.

१५ मार्च

आदितीशी भांडलो. तिनं चांगल्या मनानं सांगितलं, तिच्या दादाच्या नावावर २०३ बुक करायचा, नंतर ट्रान्सफर करून घ्यायचा. मी म्हणालो, "आणि आम्ही राहायला कुणाच्या नावानं जायचं? मगदूमांचे गडी म्हणून?" सगळं ऑफिस ऐकत होतं. ती म्हणाली, "मला दुसरं काही सुचंना रे." तिच्या डोळ्यात पाणी आलं. मी सॉरी म्हणालो नाही. उद्या म्हणेन. तिनं काही केलेलं नाही हे मला कळतं, पण तिला फोनवर 'मगदूम' म्हणायला अर्धा सेकंद लागला, त्या अर्ध्या सेकंदाचा मला राग येतोय.

दिवसभर एकच गुणाकार. साडेसहाशे गुणिले दीडशे. सत्त्याण्णव हजार पाचशे. आमच्या आडनावाची किंमत बिल्डरनं दहा मिनिटांत काढली, केबिनमध्ये, कॅल्क्युलेटर पण लागला नसेल. मी चौदा महिने या धंद्यात आहे आणि माझ्या शीटमध्ये ही ओळच नव्हती.

१६ मार्च

सकाळी पप्पा जीप पुसत होते. सरकारी जीप, अडीच महिन्यांनी दुसऱ्याच्या हातात जाणार, तरी रोज पुसतात. मी जाऊन उभा राहिलो.

"तुम्हाला पहिल्या दिवशीच माहीत होतं."

"व्हय."

"मग बोलला का नाही?"

"तू कागद घिऊन नाचालतास. म्हटलं, एखाद्या वक्ताला ह्येचं खरं व्हईल." फडकं पिळलं. "काळ बदलतोय म्हणत्यात. मी बी वाट बघालतो की."

मग त्यांनी सांगितलं. मला चोवीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. सत्त्याऐंशी साली नोकरदारांच्या एका सोसायटीत प्लॉट निघाले होते. पप्पांनी आठ हजार भरले. त्यातले दोन हजार चंदगडहून आज्ज्यानं भात विकून पाठवले होते. चार महिन्यांनी पैसे परत आले. सभासद पुरे झाले म्हणून चिठ्ठी. चिठ्ठी आणून देणारा माणूस चांगला होता, म्हणाले, त्याला लाज वाटत होती, त्यानं पाणी मागून पिलं.

"मग त्या आठ हजाराचं काय केलं?"

"तुझ्या शाळेचं डोनेशन. म्हटलं जागा न्हाय तर न्हाय, प्वरगं इंग्लिश बोलंल." आणि हसले. "तर तू फाडफाड इंग्लिशमधनं हिशोब कराय शिकलास आणि परत प्लॉटावरच आलास."

मी हसलो नाही. ते हसत होते म्हणून जास्तच त्रास झाला.

१९ मार्च, रविवार

पिराजी घरी आलता. चहा पिऊन त्यानं तोडगा काढला. "गणपतराव, आडनाव बदला. रीतसर अर्ज करायचा, गॅझेटात छापून येतंय, वकील माझा हाय. गाव चंदगड न्हवं तुमचं? चंदगडकर लावा. 'शांतीबन'वाला दार उघडून उभा ऱ्हातोय बघा. निम्म्या पुण्यात असंच चाललंय."

पप्पा बशी खाली ठेवत म्हणाले, "चंदगडात पाऊस लई पडतोय पिराजी. इतका पडूनबी आमचं नाव धुवून गेलं न्हाय. आता तुझ्या गॅझेटानं कसं जाईल?"

पिराजी जाताना मला दारात हळूच म्हणाला, "पावणं, मी काय तुमच्या वायटाचं सांगत न्हाय. मला रोज हेच बघाय लागतंय." मग त्याची लूना चालू होईना. ढकलून दिली मी.

२६ मार्च, रविवार

आज घरात सगळे बसलो. अक्षताची परीक्षा काल संपली. मी प्रिंट काढून ठेवल्या, एक सोडून, पण कुणी बघितल्या नाहीत.

पप्पा म्हणाले, "'मयूर हाइट्स'वाला बाराशे म्हणालाय न्हवं? देऊ."

मला वाटलं माझ्या कानाचंच काहीतरी चुकतंय. "पप्पा, तो आपल्याला दीडशे जास्त लावालाय. का लावालाय ते माहीत असून द्यायचे?"

"मागं एकानं पैसं परत केलं. ह्यो घ्याला तयार हाय. एवढा फरक पडलाय एकोणीस वर्षांत. घेऊया त्यो." मग म्हणाले, "दारावर पाटी मोठी करायची. गणपती रामा कांबळे. जिन्यातनं वर जाणाऱ्यानं वाचतच गेलं पायजे."

आई सुई-दोरा घेऊन बसली होती. दोरा दातानं तोडून म्हणाली, "लाखाची पाटी! त्यापेक्षा आपल्या लोकांच्या वसाहतीत घ्या. सहा लाखाच्या आत बसतंय, हप्ता बी कमी. रात्री तुमच्या छातीत दुखलं तर मी दार कुणाचं वाजवू? पाटी वाजवू?"

"आयुष्यभर तिथंच ऱ्हायाचं व्हय?"

"तिथं ऱ्हायाला काय झालंय? माणसं न्हाईत ती?"

दोघं पण बरोबर वाटत होते आणि मला उभं राहवत नव्हतं, बसवत नव्हतं. मी म्हणालो, "बाराशे घेतला तर सत्तेचाळीस टक्के होतात. बँक देणार नाही. दिलं तरी मी घेणार नाही."

"मग अक्षताचं लाख हाईत की," पप्पा म्हणाले. "ती काय न्हाय म्हणायची न्हाय. व्हय गं?"

अक्षता गवार मोडत होती. मान वर केली नाही. "चालतंय की," म्हणाली.

पप्पा माझ्याकडं बघून हसले, प्रश्न सुटल्यासारखे. मी पण मान हलवली. हलली कशी, माहीत नाही. सवय असेल. एकोणचाळीस पॉइंट आठ.

२८ मार्च

आदितीला सॉरी म्हणालो. तिनं डबा पुढं केला. विषय निघाला तेव्हा सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आणि अक्षता काय म्हणते?" मी म्हटलं, "चालतंय म्हणाली." आदिती म्हणाली, "आमच्याकडं पण दादाच्या दुकानाच्या वेळी मला असंच विचारलं होतं. भांडी घासत असताना. मी पण चालतंय म्हणाले होते." तिला बी. एससी. करायचं होतं हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं. चौदा महिने शेजारी बसतो.

घरी आलो तर दाराशी रद्दी बांधून ठेवलेली. वर जुने पेपर, गाइडं, आणि मध्ये एक निळं कव्हर. फार्मसी कॉलेजचं माहितीपत्रक. तिनं मागवलं होतं, पन्नास रुपयांचा ड्राफ्ट काढून. फीच्या पानावर तिनं पेनानं हिशोब केलाय. फी, बस पास, पुस्तकं, आणि शेजारी लहान अक्षरात 'एप्रन २'. खाली बेरीज. पहिल्या वर्षाला एकतीस हजार चारशे. बेरीज बरोबर आहे, मी तपासली.

मी ते रद्दीतून काढून घेतलं.

२९ मार्च, बुधवार

उद्या पाडवा. सकाळी दहाला पप्पा आणि मी 'मयूर हाइट्स'ला जाणार. चेक माझ्या खिशात आहे, एकवीस हजारांचा, सही केलेला. पप्पांनी पाटीवाल्याला रेट पण विचारून ठेवलाय, अक्षराला बारा रुपये, पितळी. आज चार वेळा 'गणपती रामा कांबळे'ची अक्षरं मोजली त्यांनी. इतके खूश मी त्यांना बघितलं नव्हतं. आई बोलत नाही, पण तिनं त्यांचा पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवलाय.

मी सकाळपासून कुठंच टिकत नाही. ऑफिसात एका क्लायंटला चाळीस टक्के समजावताना मध्येच थांबलो. त्याला विचारलं, हे घरातले पैसे, यात कुणाकुणाला विचारलंय? तो म्हणाला, "कुणाला म्हंजे? घर माझं हाय." मीही पाच मार्चला असाच बसलो होतो. रविवारी, किल्ली मागून, एकटा. पप्पांनी तुझ्या लाखाचं नाव काढायच्या तीन आठवडे आधी मी ते उचलले होते. बिल्डरनं मला न विचारता केबिनमध्ये जाऊन आकडा बदलला म्हणून मी सगळ्या ऑफिसासमोर आदितीवर ओरडलो. आणि मी तुला न विचारता तेच केलं होतं, त्याच पैशांसाठी. ती प्रिंट अजून बॅगेत आहे.

अक्षे, हे तुझ्याशीच बोलतोय. तोंडानं जमणार नाही. तोंडानं विचारलं की तू 'चालतंय की' म्हणणार. म्हणून ही वही तुझ्या निळ्या माहितीपत्रकावर ठेवून मी गाडीला पेट्रोल घालायला चाललोय. पहिल्या पानापासून वाच. माझा सगळा शहाणपणा यात आहे, हसलीस तरी चालेल.

तुझे लाख घातले तर पप्पांना त्यांच्या नावाचं दार मिळतं, आणि तुला एप्रन मिळेल की नाही हे मला माहीत नाही. एज्युकेशन लोन मिळतं, पण त्याचा हप्ता पण याच बारा हजारातून जायचा. नाही घातले तर आई म्हणते तिथं घ्यायचं, आणि पप्पा पाटीबद्दल परत कधी बोलायचे नाहीत. ते तुझ्यावर रागावणार नाहीत, बघ. जीप पुसतील. मी कुठल्या बाजूला आहे ते मला खरंच कळेना झालंय. पप्पांच्या बाजूला उभा राहतो तेव्हा तू दिसतेस, तुझ्या बाजूला आलो की ते अक्षरं मोजताना दिसतात. दोन्हीकडं माझा चाळीस टक्के बसतो, त्यामुळं त्याचा उपयोग संपला.

चेकवर नाव अजून घातलेलं नाही. तू जे म्हणशील ते पप्पांना मी सांगणार, माझं म्हणून सांगणार, तुझं नाव येऊ देणार नाही. खाली अर्धं पान मोकळं सोडलंय. मी दहाच्या आत वाचतो. गवार मोडत असताना नको, बसून, वेळ घेऊन लिही. चालतंय की नाही ते राहू दे. तुला काय वाटतं, आपण काय करावं?